वाढत्या मापाचे

सीबच्या बाजारामागच्या दुकानात
रोवेनाने माझी दोन्ही पावलं मापाच्या पट्टीवर ठेवली
आणि सहज सांगितलं,
तुमचा डावा पाय मोठा आहे, मॅडम.
सत्तेचाळीस वर्षं हे कुणी बोललं नव्हतं.
मी आपली उजव्याच्या मापाने जोडे घेत आले
आणि डाव्याला म्हणत आले, सोस.

पहिले घेतले होते सेलमधले, जांभळे, रंग बघून.
दुसऱ्या किलोमीटरला करंगळी सोलली,
आठवड्याने अंगठ्याचं नख काळंजांभळं झालं,
बुटाला शोभेलसं.
दुसरे आमच्या लॅबमधल्या कुणीतरी सुचवलेले, मऊ.
त्यांत पळणं म्हणजे
गादीवर उभं राहून पंखा पुसणं.

रोवेना म्हणाली, जरा पळून दाखवा.
इथे?
इथेच.
मोज्यांच्या रॅकपासून काउंटरपर्यंत पळाले,
पर्स काखेत दाबून.
एक पोरगं आइस्क्रीम चाटायचं थांबलं.
पूर्वी एकदा अशीच चालून दाखवलं होतं मी,
चिंचवडला, पाच पाहुण्यांसमोर.
त्यांना बघायचं होतं, लंगडते का.
हिला बघायचं होतं, पाऊल कुठे कलतं.

अर्धा नंबर मोठा घ्या, ती म्हणाली,
या हवेत पाय फुगतात,
अंगठ्यापुढे अंगठाभर जागा हवी.
राखाडी. चोवीस रियाल.
आईला फोनवर सांगितलं तर हसली.
म्हणजे वाढत्या मापाचे!
आणि या वयात पळतेस ती कुणाच्या मागे?

कुणाच्याच नाही, आई.
जोडे याआधीही झिजवले,
सर्टिफिकेटांवरच्या शिक्क्यांसाठी, व्हिसासाठी,
बंद खिडक्यांपुढच्या रांगांतून.
हे पहिले,
जे कशासाठीच झिजत नाहीत.

जुलैत पहाटे साडेचारला चौतीस डिग्री.
चष्म्यावर वाफ, कानामागे मीठ,
आणि गजर बंद करणारा हात
नेहमी पायांपेक्षा चपळ.
आठवड्यातून दोनदा तरी तोच जिंकतो.
त्या दिवशी मी बूट कपाटात उलटे ठेवते,
त्यांच्याकडे बघावं लागू नये म्हणून.

किनाऱ्यावर खल्फान जाळं दुरुस्त करत असतो.
अर्धं हिंदी, अर्धं हातवारे.
मी होडीपासून दीपस्तंभासारख्या त्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले
की तो एक खजूर खातो
आणि बी होडीच्या काठावर ठेवतो.
चार फेऱ्या, चार बिया.
मी सांगितलं नव्हतं मोजायला.
न आल्याच्या दुसऱ्या दिवशी विचारतो, कल बुखार?
मी म्हणते, हो, बुखार.
तो मान हलवतो, सुईत दोरा ओवतो.
या महिन्यात मला सहा वेळा ताप आला.

मग तो रुस्ताकला गेला, भावाच्या बागेत खजूर उतरवायला.
पहिल्या सकाळी होडीपाशी आले
तर काठावर चार बिया, आधीच मांडलेल्या.
उचल दिल्यासारख्या.
आता फेडणं आलं.
फेरी झाली की एक बी उचलून खिशात.
पायांना राग होता, श्वासाला राग होता,
त्या म्हाताऱ्याचा तर फारच.
चौथी फेरी टाकीपर्यंत पळाले,
परत मात्र चालत आले,
बी उचलली,
मग ठेवून दिली.

दहा दिवसांनी तो परतला, होडीत टोपलीभर खजूर.
काठावरच्या एकुलत्या बीकडे बघून भुवई उंचावली.
साडेतीन, मी म्हटलं.
त्याने बी चिमटीत धरून उजेडात फिरवली,
जणू जोड शोधतोय.
बी अर्धी नसते, म्हणाला.

जोड्याचा असतो अर्धा नंबर,
खल्फानला काय सांगू.
मी खाली वाकून नाड्या सोडल्या,
डाव्याची जरा सैल बांधली,
आणि टाकीकडे न जाता
टाकीकडून यायची ती अर्धी फेरी पळायला
आधी चालत निघाले.